दख्खनचे विमान : एअर डेक्कनचे दोन जन्म आणि सोलापूर

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान उडाले. गर्दीतल्या कॉलेजवयीन मुलांना साहजिकच वाटले असेल, की आपल्या गावाला विमान पहिल्यांदाच मिळते आहे. त्यांच्या आईवडिलांना मात्र आठवत असेल, की याच धावपट्टीवर काही काळ किंगफिशरची लाल-पांढरी एटीआर विमाने उतरत होती आणि मुंबईला जात होती. ती कधी आली, कधी थांबली, याची तारीख आज कोणी चटकन सांगत नाही. गावात विमान येते तेव्हा फीत कापली जाते. ते बंद होते तेव्हा फक्त वेळापत्रकातली एक ओळ निघून जाते.

किंगफिशरच्या त्या लहान गावांच्या जाळ्यामागे मुळात दुसरीच एक कंपनी होती. तिचे नाव एअर डेक्कन. ती बंगळूरची, पण नाव आपल्या पठाराचे. तिने दोनदा जन्म घेतला आणि दोन्ही वेळा ती बंद पडली. दुसऱ्या जन्मात तर तिचा पहिला मुक्काम महाराष्ट्रातच होता. या स्मरणिकेत तिचा इतिहास द्यायचा तो तिच्या कौतुकासाठी नाही. छोट्या गावाचे विमान का टिकत नाही, हे तिच्या हिशेबवहीत जेवढे स्पष्ट दिसते तेवढे दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून.

पण सोलापूरकराने ही गोष्ट सांगायची तर सुरुवात वालचंदांपासूनच करावी लागते.

वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. वडिलांची कापसाची आणि सावकारीची पेढी होती. वालचंद तीत रमले नाहीत. लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली, बार्शी लाइट रेल्वेचे काम केले, मग जहाजांकडे वळले. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. पुढे पॅसिफिक ओलांडणाऱ्या एका विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. १९४२ मध्ये ती सरकारने आपल्याकडे घेतली. आजची एचएएल ती हीच. इथपर्यंतची कथा सोलापुरात शाळेच्या भाषणांतूनही ऐकू येते.

त्यांच्याकडे एक विमान वाहतूक कंपनीही होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही मुंबईची कंपनी १९३७ मध्ये सुरू झाली. जुहूच्या विमानतळावरून ती काठेवाडच्या संस्थानांकडे विमाने नेत असे : भावनगर, राजकोट, जामनगर, पोरबंदर. आगगाडीने खंबातच्या आखाताला वळसा घालून जायला लागणारा वेळ आणि विमानाने आखात ओलांडायला लागणारा वेळ यांतली तफावत, हेच तिचे भांडवल. मोठ्या शहराला आडबाजूच्या लहान गावांशी जोडणारी कंपनी म्हणजे आपण आज जिला प्रादेशिक विमानसेवा म्हणतो तीच. १९४३ मध्ये सिंधियाने ही कंपनी विकत घेतली. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराची डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि देशात विमान कंपन्यांचे पेव फुटले. परवाने वाटले गेले भरमसाट, प्रवासी होते मूठभर. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. कंपन्या फार झाल्या आहेत, त्यांनी आपसांत विलीन व्हावे, राष्ट्रीयीकरण मात्र काही वर्षे लांबणीवर टाकावे, असे तिचे मत पडले. सरकारने तेवढा धीर धरला नाही. १ ऑगस्ट १९५३ रोजी एअर सर्व्हिसेस ऑफ इंडियासह सगळ्या देशी कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळल्या. वालचंद त्याआधी चारेक महिने, ८ एप्रिलला वारले होते.

मध्ये एक सरकारी प्रयोग झाला. २६ जानेवारी १९८१ रोजी वायुदूत सुरू झाली. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडियाचे हे भागीदारीतले अपत्य. आधी ईशान्य भारतासाठी, मग सगळ्या देशासाठी. तिची डॉर्नियर विमाने कानपूरला एचएएल बांधत असे, म्हणजे वालचंदांनी लावलेल्या झाडाचेच ते फळ. वायुदूतने शंभराच्या आसपास ठिकाणे जोडली आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तोटा केला. नव्वदीच्या दशकात तिला पुन्हा इंडियन एअरलाइन्सच्या पोटात ढकलण्यात आले. तिच्याबद्दल याहून जास्त लिहिण्याची गरज नाही. राजकीय पत्रांवरून ठरलेले मार्ग प्रवाशांवर चालत नाहीत, एवढे तिने दाखवून दिले.

आता एअर डेक्कन.

कॅप्टन गोरूर रामस्वामी अय्यंगार गोपीनाथ हे हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे. वडील शाळामास्तर. शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मग लष्करात नोकरी आणि १९७१ च्या युद्धाचा अनुभव. आठेक वर्षांनी त्यांनी लष्कर सोडले. धरणात गेलेल्या वडिलोपार्जित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या माळरानावर जाऊन शेती केली, रेशीम पिकवले. त्या शेतीतल्या प्रयोगांना १९९६ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये लष्करातले जुने सहकारी कॅप्टन सॅम्युअल यांच्याबरोबर त्यांनी हेलिकॉप्टर भाड्याने देणारी डेक्कन एव्हिएशन काढली. निवडणुकीचा हंगाम आणि तेल-खाण कंपन्यांची कामे, यांवर ती चालत होती. हेलिकॉप्टरमधून खाली पाहताना लहान गावांतल्या घरांवर दूरदर्शनच्या अँटेना दिसत, असे गोपीनाथ पुढे अनेकदा सांगत. ज्या घराला दूरदर्शन परवडते त्याला विमानाचे तिकीटही परवडले पाहिजे, हा त्यांचा हिशेब.

ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कनने कर्नाटकातून उड्डाण केले. विमाने फ्रेंच-इटालियन एटीआरची, पंख्याची. ही निवड हौसेची नव्हती. तिच्यामागे पक्के गणित होते. पंख्याच्या विमानाला कमी लांबीची धावपट्टी पुरते. तासाभराच्या अंतरात त्याचा आणि जेटचा वेळ फारसा वेगळा पडत नाही, इंधन मात्र बरेच कमी लागते. शिवाय सरकारने लहान विमानांना दोन सवलती दिल्या होत्या. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरण्याचे शुल्क माफ होते आणि ठरावीक वजनाखालच्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर फक्त ४ टक्के होता. त्या वेळी मोठ्या विमानांच्या इंधनावर राज्ये पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत कर लावत. विमान कंपनीचा सर्वांत मोठा खर्च इंधनाचाच, तेव्हा हा फरक म्हणजे लहान कंपनीचा प्राणवायू होता.

सुरुवात सुखाची नव्हती. सप्टेंबर २००३ मध्ये हैदराबाद-विजयवाडा मार्गाच्या उद्घाटनाच्या उड्डाणातच इंजिनाने पेट घेतला. विमानात केंद्रातले बडे नेते बसले होते. सगळे सुखरूप उतरले. अशा फजितीनंतर दुसरी कंपनी दोन महिन्यांत आटोपली असती. गोपीनाथांनी वेळापत्रक चालू ठेवले.

त्यांनी काय बदलले, हे समजायला तेव्हाचे तिकीट आठवावे लागते. २००३ च्या आधी विमानाचे तिकीट म्हणजे एजंटाच्या कचेरीत मिळणारी कार्बन लावलेली पुस्तिका. आत गरम जेवण, हवाई सुंदरीच्या हातची टॉफी, आणि या सगळ्याचे पैसे तिकिटातच. एअर डेक्कनने जेवण काढले. पाण्याची बाटलीसुद्धा विकत घ्यावी लागे. आसन क्रमांक काढले. आधी येईल तो खिडकीत बसेल, आपल्या लाल एसटीसारखे. तिकीट इंटरनेटवर आणि फोनवर विकले, पेट्रोल पंपांवर विकले. आधी काढणाऱ्याला स्वस्त, उशिरा काढणाऱ्याला महाग, ही आज अंगवळणी पडलेली पद्धत सर्वसामान्य भारतीय प्रवाशाला प्रथम तिनेच शिकवली. एक रुपयाच्या तिकिटांची जाहिरात झाली तेव्हा रांगा लागल्या. ती तिकिटे मोजकीच असत आणि त्यावर कर वेगळे, हे बारीक अक्षरांत होते. तरी ज्यांना मिळाली त्यांनी आयुष्यभर सांगितले.

बोधचिन्ह होते आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा घातलेला तो गृहस्थ वर्षानुवर्षे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मुकाट उभा होता. गोपीनाथांनी लक्ष्मण यांची परवानगी घेऊन त्याला विमानाच्या अंगावर चढवले. कंपनीची सर्वांत गाजलेली जाहिरातही त्याच जातीची : मुलाने पाठवलेल्या तिकिटावर पहिल्यांदा विमानात बसणारा खेड्यातला म्हातारा बाप. त्या काळात विमानतळावर अशी माणसे खरोखरच दिसू लागली होती. गोपीनाथांच्या आत्मचरित्रावरून पुढे तमिळमध्ये ‘सूरराई पोट्रु’ निघाला आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘सरफिरा’. हिंदीत नायकाला मराठी केले, म्हात्रे आडनावाचा. आपल्याला विमान देणाऱ्याला पडद्यावर का होईना, आपण आपला करून घेतला.

वाढ झपाट्याने झाली. २००४ पासून मोठी एअरबस विमाने आली आणि मोठ्या शहरांच्या मार्गांवर धावू लागली. तीन-चार वर्षांत कंपनीच्या ताफ्यात चाळीसहून अधिक विमाने होती, साठांहून अधिक विमानतळ तिच्या नकाशावर होते आणि देशातल्या विमान प्रवाशांपैकी साधारण पाचवा हिस्सा तिच्याकडे होता.

माझ्या मते चूक इथेच झाली. चाळीस-पन्नास मिनिटांचे, पंख्याच्या विमानांचे, स्पर्धा नसलेले मार्ग हा एअर डेक्कनचा खरा धंदा होता. त्यात ती एकटी होती. एअरबस घेऊन ती दिल्ली-मुंबई-बंगळूरच्या रणात उतरली, तिथे स्पाइसजेट आली, गोएअर आली, इंडिगो आली, आणि सगळ्यांनी मिळून तिकिटाचे भाव खर्चाच्या खाली आणले. वैमानिक पुरत नव्हते, दुरुस्तीचा पसारा पुरत नव्हता, विमाने तासन्‌तास रखडू लागली. वर्तमानपत्रांत विनोद सुरू झाले. मे २००६ मध्ये कंपनीने समभाग बाजारात आणले, तेही नेमके बाजार कोसळत असताना. किंमत कमी करून, मुदत वाढवून कसाबसा भरणा झाला. पैसा आला तितक्याच वेगाने गेला.

२००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाने आधी २६ टक्के आणि मग आणखी हिस्सा घेतला. मल्ल्यांची किंगफिशर २००५ साली निघालेली. तिला परदेशी उडायचे होते आणि नियम असा होता, की देशात पाच वर्षे सेवा दिल्याशिवाय परदेशाचा परवाना नाही. एअर डेक्कनची पाच वर्षे ऑगस्ट २००८ मध्ये पूर्ण होत होती. मग विलीनीकरणाची रचना अशी केली, की कागदोपत्री किंगफिशरचा विमान व्यवसाय डेक्कनच्या कंपनीत आला आणि त्या कंपनीचे नाव बदलून किंगफिशर ठेवले. सप्टेंबर २००८ मध्ये बंगळूरहून लंडनचे विमान निघाले. म्हणजे हासनच्या शेतकऱ्याने खेड्यातल्या म्हाताऱ्या बापासाठी काढलेला परवाना लंडनला जाण्याच्या कामी आला. धंद्यात हे चालते. बेकायदा यात काही नव्हते. पण लहान गावांची सेवा आता मालकाच्या डोक्यात कितव्या क्रमांकावर होती, हे यावरून ओळखावे.

मधल्या काळात तिचे नाव ‘सिम्प्लिफ्लाय डेक्कन’ झाले होते. आता ‘किंगफिशर रेड’ झाले. कॉमन मॅन विमानावरून उतरला.

याच किंगफिशरच्या काळात सोलापूरला मुंबईचे विमान मिळाले. नांदेड, लातूर, कोल्हापूर या गावांनीही त्या दिवसांत किंगफिशरची एटीआर पाहिली. सोलापूरला ते फार टिकले नाही. त्याचे कारण ‘प्रवासी नव्हते’ असे एका वाक्यात सांगितले जाते. हे वाक्य अर्धेच खरे आहे, म्हणून त्यापाशी थोडे थांबू.

सोलापूरच्या विमानाची स्पर्धा दुसऱ्या विमानाशी कधी नव्हतीच. ती सिद्धेश्वर एक्स्प्रेसशी होती. चादरी-टॉवेलचा कारखानदार, डाळिंबाचा व्यापारी, मंत्रालयात फाइल घेऊन जाणारा सरपंच, टाटा रुग्णालयात तपासणीला निघालेला पेशंट, हे सगळे रात्री जेवून सिद्धेश्वरमध्ये झोपतात आणि सकाळी मुंबईत असतात. दिवसभर कामे करून रात्री पुन्हा त्याच गाडीत. हॉटेलचा खर्च नाही, रजा एका दिवसाची. या माणसाला विमानाने जिंकायचे असेल तर ते सकाळी लवकर मुंबईला पोहोचले पाहिजे आणि संध्याकाळी परतले पाहिजे. दुपारचे विमान त्याचा अर्धा दिवस खाते आणि वर मुक्कामाचा खर्च लावते. पुण्याला तर रस्ता आहे, इंटरसिटी आहे. तिथे विमानाचा प्रश्नच नाही.

सकाळची वेळ मात्र सोलापूरच्या हातात नसते, विमान कंपनीच्याही नसते. ती मुंबईच्या धावपट्टीची असते. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते. तासाला जेमतेम पन्नासच्या आसपास चढ-उतार. सकाळी सात ते दहा या वेळेतला प्रत्येक क्षण दिल्ली, बंगळूर, दुबईच्या विमानांनी धरून ठेवलेला. त्या रांगेत ७० आसनांच्या एटीआरने १८० आसनांच्या एअरबसची जागा अडवायची, हे विमानतळ चालवणाऱ्याला परवडत नाही आणि दोन्ही प्रकारची विमाने बाळगणाऱ्या कंपनीलाही परवडत नाही. स्वतःच्याच वाट्याची चांगली वेळ ती सोलापूरला देण्याऐवजी दिल्लीला देणार. मग लहान गावाला उरतात दुपारच्या वेळा, आणि दुपारी प्रवासी नसतात. दुपारी विमान ठेवायचे, ते रिकामे गेले की मागणी नाही म्हणून नोंद करायची, असा हा फेरा आहे. यात अन्याय करायचा कोणाचा हेतू असतो असे नाही. पण निकाल आधीच लागलेला असतो.

२८ सप्टेंबर २०११ च्या सुमारास मल्ल्यांनी ‘किंगफिशर रेड’ बंद करत असल्याचे जाहीर केले. स्वस्त तिकिटांच्या धंद्यात आपल्याला राहायचे नाही, असे त्यांनी भागधारकांना सांगितले. वर्षभरातच मूळ किंगफिशरही गेली. पगार थकले, बँकांची कर्जे थकली, संप झाले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परवाना स्थगित केला. गंमत पाहा, कागदोपत्री ती २००३ ची डेक्कनचीच कंपनी होती. गोपीनाथ तोवर कधीच बाहेर पडले होते. २००९ मध्ये त्यांनी बंगळूर दक्षिणमधून लोकसभा लढवून पाहिली, नागपूर केंद्र धरून ‘डेक्कन ३६०’ ही मालवाहू सेवा काढून पाहिली. लोकांनी त्यांना मते दिली नाहीत आणि मालवाहू सेवा दोन वर्षांत बुडाली.

त्यानंतरच्या दशकात सोलापूरचा विमानतळ म्हटले की लोक एकाच गोष्टीवर बोलत : सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी. सुमारे ९० मीटर उंचीची ही चिमणी विमान उतरण्याच्या मार्गात येते, हा एका बाजूचा दावा. हजारो ऊस उत्पादकांच्या कारखान्याचे काय, हा दुसऱ्या बाजूचा. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, न्यायालये झाली आणि १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. त्या वादात या लेखकाला इथे पडायचे नाही. एवढेच नोंदवतो, की किंगफिशरचे विमान चिमणीमुळे बंद पडले नव्हते. बोरामणीच्या नियोजित विमानतळामुळेही नव्हते. चिमणी पाडली म्हणजे विमान टिकेल, असे मानणाऱ्यांनी मागची गोष्ट विसरू नये.

एअर डेक्कनचा दुसरा जन्म सरकारच्या ‘उडान’ योजनेतला. ऑक्टोबर २०१६ मध्ये योजना जाहीर झाली. तिची रचना अशी : लहान गावाच्या मार्गासाठी कंपन्यांनी बोली लावायची, निम्म्या आसनांचे भाडे तासाभराच्या अंतराला २,५०० रुपयांच्या आसपास बांधून ठेवायचे, त्यातून येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरायची आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्या कोणाला येऊ द्यायचे नाही. तुटीचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून आकार घेऊन जमवायचा, वीस टक्के वाटा राज्याने उचलायचा. राज्यांनी इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणायचा. कागदावर ही योजना वायुदूतपेक्षा कितीतरी शहाणी होती. मार्ग मंत्र्याच्या पत्राने न ठरता कंपनीच्या बोलीने ठरत होता.

मार्च २०१७ मध्ये पहिल्या फेरीचे निकाल लागले. पाच कंपन्यांना १२८ मार्ग मिळाले. महाराष्ट्रातून नांदेड, नाशिक, जळगाव, कोल्हापूर आणि सोलापूर अशी पाच नावे यादीत होती. एअर डेक्कनच्या वाट्याला ३४ मार्ग आले, आणि अहमदाबादच्या ज्या समूहाचा पैसा तिच्यात होता त्याचाच पैसा असलेल्या एअर ओडिशाला ५०. ताफ्यात तेव्हा होते काय? १९ आसनांची बीचक्राफ्ट विमाने, तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १९४६ नंतर परवाने वाटताना जे झाले तेच पुन्हा झाले. राजाध्यक्ष समितीचा अहवाल दिल्लीच्या कुठल्या तरी कपाटात असेलच, कोणी तो काढून वाचला असता तर बरे झाले असते.

२३ डिसेंबर २०१७ रोजी जळगाव आणि नाशिकच्या उड्डाणांनी नवी एअर डेक्कन सुरू झाली. जळगावला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. एप्रिल २०१८ मध्ये मुंबई-कोल्हापूर सुरू झाले. पण मुंबईची वेळ मिळवतानाच तिची निम्मी शक्ती संपली होती. १८० जणांच्या विमानाची जागा १९ जणांच्या विमानाने मागायची, हे मागणे मुळातच अवघड. ज्या वेळा मिळाल्या त्या गैरसोयीच्या. त्यात एक विमान बिघडले की तीन गावांची सेवा रद्द, कारण बदली विमानच नाही. जळगावकर आठवड्यातून दोनदा विमानतळावर जाऊन परत येऊ लागले. वर्ष संपायच्या आत बहुतेक फेऱ्या थांबल्या. पुढे सरकारने तिचे बरेचसे मार्ग काढून घेतले. कोल्हापूर आणि जळगावला हैदराबादची ट्रूजेट आली. तिच्याकडे एटीआर होती, नांदेडला ती एप्रिल २०१७ पासूनच जात होती, आणि तिने ही सेवा बऱ्यापैकी नेटाने चालवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीही पैशाअभावी बंद पडली.

एअर डेक्कनने एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, सेवा थांबवली आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवले. तोपर्यंत तिची थोडी विमाने गुजरातेत उडत होती. ही बातमी महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळींत आली. सोलापूरच्या वाट्याला तिचे एकही विमान आले नाही.

दोन्ही जन्मांचा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट समान दिसते. पहिली कंपनी मोठी होऊन, मोठ्या घरात जाऊन मेली. दुसरी लहान राहून, भांडवलाविना मेली. पण लहान गावाचे विमान दोन्ही वेळा ज्या निर्णयांनी बंद पडले ते निर्णय त्या गावात झाले नाहीत. एकदा ते मल्ल्यांच्या संचालक मंडळात झाले, एकदा मुंबई विमानतळाच्या वेळा वाटणाऱ्या बैठकीत. प्रवाशांचा आकडा हा त्यांचा परिणाम होता, आणि आपल्याला तो कारण म्हणून सांगण्यात आला.

आज परिस्थिती थोडी बरी आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी सोलापूरच्या नव्या टर्मिनल इमारतीचे पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य पद्धतीने उद्घाटन झाले. सोलापूरहून गोव्याला उडणारी, गोव्याचीच फ्लाय ९१ ही कंपनी फक्त एटीआर वापरते; तिचे प्रमुख मनोज चाको पूर्वी किंगफिशरमध्येच होते, तेव्हा जुन्या चुका त्यांना जवळून ठाऊक असाव्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये घोडावत समूहाच्या स्टार एअरने मुंबई आणि बंगळूरची सेवा सुरू केली. ही कंपनी कोल्हापूर-बेळगावकडची, म्हणजे दख्खनची माती तिलाही माहीत आहे. मुंबई मार्गावरची तूट राज्य सरकार भरून देत आहे. तीही कायमची नाही.

म्हणून व्यापारी संघटनांना, यंत्रमागधारकांना, डाळिंब बागायतदारांना आणि पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूरच्या देवस्थानांना एक विनंती. नुसते ‘विमान द्या’ म्हणणे आता थांबवू या. मागायचे ते मुंबईची सकाळची वेळ आणि संध्याकाळचा परतीचा फेरा, लेखी आणि मुदतीसह. शिवाय संघटनेच्या कार्यालयात एक साधी वही घालावी : कोणत्या तारखेचे विमान रद्द झाले, किती उशिरा आले, आपल्या सभासदांपैकी कोण गेले, आणि कोणाला तिकीट न मिळाल्यामुळे सिद्धेश्वर पकडावी लागली. तुटीची भरपाई संपेल त्या दिवशी ‘सोलापूरला प्रवासी नाहीत’ असे पत्र आले, तर उत्तरादाखल पुढे ठेवायला ही वही लागेल. आजच सुरू करा.